बारा बत्तीसची सावली

तांब्या अर्धाच उजळला होता. एक बाजू लालसर, लख्ख. दुसरी अजून काळवंडलेली. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या नळाचं पाणी असं जड की आठवड्यात केटलीला पांढरा थर धरतो. तो काढायची लिंबूसत्त्वाची पूड इथे कुठल्याही दुकानात पाकिटाने मिळते, आणि साधना पाध्ये तीच पूड देवाच्या उपकरण्यांना लावते. चिंच मिळते म्हणा, पण ती आमटीसाठी जपलेली. मे महिन्याची नऊ तारीख, शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. नवरा गुरुदत्त ऑफिसला गेला होता, लेक अन्वी शाळेत. ताम्हन झालं होतं, पळी झाली होती, तांब्या हातात होता, आणि ओट्यावरचा फोन थरथरला.

निरोप हृषिकेशचा होता. हृषिकेश म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या उंबरघळच्या शाळेतला विज्ञानाचा शिक्षक. साधनाचे सासरे दीनानाथ पाध्ये, घरात सगळ्यांचे नाना, यांनी त्याच शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. हृषिकेश त्यांच्याच हाताखाली शिकलेला आणि त्यांच्याच खुर्चीवर बसलेला. नाना मार्चमध्ये गेले. पापमोचनी एकादशीला, सकाळच्या चहाच्या आधी. पुण्यवान माणूस, एकादशी साधली, असं सगळे म्हणाले.

साधनाने ओल्या बोटाने फोन उघडला. आधी फोटो. शाळेचं अंगण, सारवून गुळगुळीत केलेलं, मधोमध पांढऱ्या रंगाने वर्तुळ आणि त्यात सरळ उभी केलेली मीटरभर काठी. भोवती पोरं. एका खुर्चीवर नानांचा हार घातलेला फोटो, दुसऱ्या खुर्चीवर डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या उल्काबाई, म्हणजे साधनाच्या सासूबाई. आणि काठीपासून निघून पूर्वेकडे पडलेली, वीतभराहून थोडी मोठी, स्वच्छ काळी सावली.

फोटोखाली हृषिकेशचा आवाज होता.

"वहिनी, नमस्कार. काल शून्य सावलीचा कार्यक्रम झाला. सुट्टी असून चाळीस पोरं जमली, काकूपण आल्या होत्या. कसं सांगू कळत नाही. एक बत्तीसला साइटवर अन्वीचा आवाज लागला, दहा, नऊ, आठ... पोरं पण बरोबर ओरडत होती. शून्य झालं. आणि सावली गेलीच नाही हो. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो, तर वाढायलाच लागली. असू दे. गुरुजींचं वय झालं होतं, शेवटी शेवटी होतं असं माणसाचं. कोणी मनावर घेतलं नाही, तुम्हीपण घेऊ नका."

त्याच्यामागे एक छोटा व्हिडिओ. त्यात पोरांची मोजणी, मग शांतता, मग चुळबुळ, आणि शेवटी कुंपणाशी उभ्या असलेल्या कुणा मोठ्या माणसाचा आवाज, "मास्तर गेले, पण सावली काय जाईना!" त्यावर हशा. कॅमेरा हलला, आणि त्या हलण्यात क्षणभर सासूबाईंचा चेहरा दिसला. त्यांनी ते ऐकलं होतं.

साधनाने व्हिडिओ पुन्हा लावला नाही. तांब्या तसाच बेसिनमध्ये ठेवला.

*

नानांना गणित चुकलेलं सहन व्हायचं नाही. दुसऱ्याचं एक वेळ चालायचं, स्वतःचं अजिबात नाही. शाळेला प्रयोगशाळा नव्हती तेव्हा त्यांनी करवंट्या, सायकलच्या तारा, औषधाच्या बाटल्या आणि सलाइनच्या नळ्या घेऊन ती उभी केली. तालुक्यात कुठे मोटार चालली नाही, विहिरीचा पंप बसला, की लोक म्हणायचे, "पाध्ये मास्तरांना विचारा, ते सांगतील ती वेळ, सांगतील तो दाब." मुलगा शिकून जर्मनीत इथल्या मोठ्या वीज कंपनीत लागला, तेव्हा नाना म्हणाले होते, "गुरू, तू कंपनीला वीज शिकव. मी आपला चुंबक आणि लोखंडाचा कीस."

पहिल्यांदा इथे आले ते तीन महिन्यांच्या व्हिसावर, नोव्हेंबरात. सगळ्यात आधी त्यांनी काय केलं, तर घरामागच्या मुलांच्या वाळूत काठी रोवली आणि दुपारी तिची सावली मोजत बसले. इमारतीची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर धावत आला. हे काय चाललंय, असं त्याने जर्मनमध्ये विचारलं. नानांनी मराठीत उत्तर दिलं, तब्येतीत, हातवारे करून. पंधरा मिनिटांनी साधनाने खिडकीतून बघितलं तर हाउसमाइस्टर गुडघ्यावर बसून टेपचं दुसरं टोक धरत होता आणि मान डोलवत म्हणत होता, "गेनाऊ, गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.

"काय लांब सावली गं इथं," नाना वर येऊन म्हणाले. "काठीच्या तिप्पट. सूर्य डोक्यावर येतच नाही बिचाऱ्यांच्या. जन्मभर कधी आपली सावली पायाखाली घेता येत नाही यांना."

त्याच मुक्कामात संकष्टी आली. साधना लग्नाआधीपासून संकष्टी करते. ती पंचांग बघून, रात्रीचे नऊ चाळीस म्हणजे चंद्रोदय, असं धरून उपास सोडायला बसली, तर नाना चष्म्यावरून बघत राहिले.

"सूनबाई, हा चंद्र कुठला?"

"म्हणजे? पंचांगातला."

"पंचांग रत्नागिरीचं. तू रत्नागिरीच्या चंद्रावर एर्लांगेनात उपास सोडतेस? सहा वर्षं?"

साधनाचा चेहरा असा पडला की नानांना वाईट वाटलं. "अगं, गणपती काय घड्याळ लावून बसलाय का? त्याला पोचलं सगळं. पण आता बरोबर करू आपण," ते म्हणाले, आणि दोन दिवस कागदावर आकडेमोड करून त्यांनी इथल्या चंद्रोदयाचं गणित मांडून दिलं. साधना बीकॉम. नोकरी नव्हती, भाषा अर्धवट होती, म्हणून तिने आदल्या वर्षी फोक्सहोखशुलेत, म्हणजे मोठ्या माणसांच्या इथल्या सरकारी शाळेत, वेबसाइट करायचा वर्ग केला होता. नानांचं गणित तिने कॉम्प्युटरवर चढवलं. तारीख टाकली की एर्लांगेनचा चंद्रोदय जर्मन वेळेप्रमाणे समोर. पहिल्यांदा ते पान चाललं तेव्हा नाना उठून उभे राहिले. छत्तीस वर्षं खडूने फळ्यावर जे काढून दाखवायचे, ते बोटाने सरकवता येतं हे त्यांनी तेव्हा पाहिलं.

मग मात्र ते सुटले. दर हिवाळ्यात यायचे, तीन महिने राहायचे, आणि रोज देवपूजा आणि नाश्ता उरकला की, "बस साधना," म्हणून खुर्ची ओढायचे. ते सांगायचे, ती वहीत लिहून घ्यायची आणि मग पान करायची. लंबकाचं पान, भिंगाचं पान, चिंचेने तांबं का उजळतं त्याचं पान. साइटचं नाव ठेवलं 'चला, अंगणात'. कारण प्रत्येक पानाच्या शेवटी तीच ओळ होती. आता फोन खाली ठेवा, बाहेर जा आणि हे खरं आहे का बघा. नाना म्हणायचे, पोरं स्क्रीनलाच चिकटून राहिली तर आपण हरलो. उंबरघळला हृषिकेशने ती वर्गात लावली, त्याने दुसऱ्याला सांगितलं, असं करत भोर, नाशिक, मालेगाव, नंदुरबार धरून अकरा शाळा झाल्या.

जर्मनीत साइट काढायची तर इम्प्रेसुम नावाचं एक पान ठेवावंच लागतं. साइटला जबाबदार कोण, त्याचं नाव आणि घरचा पत्ता. गुरुदत्तला कंपनीची परवानगी काढण्याचा कंटाळा होता. नाना परदेशी. नाव साधनाचं लागलं. नाना मोठ्याने हसले होते, "शिकवणार मी आणि जबाबदार तू. बघ हं, चुकलं तर पोलीस तुझ्याकडे येणार."

ते पान कधी कोणी उघडलं नाही.

शेवटच्या हिवाळ्यात नानांच्या डोक्यात शून्य सावली होती. वर्षातून दोन दिवस असे असतात की भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. आपल्याकडे तो दिवस मे महिन्यात येतो, आणि तळकोकणापासून वर खानदेशाकडे रोज थोडा थोडा सरकत जातो. दुसऱ्यांदा येतो तो जुलै-ऑगस्टात, पण तेव्हा पावसात सूर्य दिसतो कुणाला? म्हणजे मेचाच काय तो. नानांनी अकराही गावांचं गणित हाताने केलं. पानावर प्रत्येक शाळेची तारीख आधीपासून दिसायची आणि नेमकी वेळ त्या दिवशी सकाळी. मग उलटी मोजणी, आणि शेवटच्या दहा सेकंदांना अन्वीचा आवाज. अन्वी आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. पण नानांसाठी तिने दहापासून शून्यापर्यंत मराठीत मोजलं, दोन दिवस सराव करून.

जानेवारीत त्यांनी पान तपासलंसुद्धा. हृषिकेशने तिथे अंगणात काठी लावली, सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघितलं, आणि फोनवर वेळ सांगितली. मिनिटाला मिनिट जुळली. नानांनी साधनाच्या डोक्यावर हात ठेवला, अन्वीच्या डोक्यावर ठेवतात तसा. जानेवारीच्या शेवटी विमानात बसले. "मे महिन्यात व्हिडिओवर ये. आपण दोघं मिळून बघू," असं सांगून गेले.

*

साधनाने कपाटातून वही काढली आणि लॅपटॉप उघडला.

वहीत नानांचा तक्ता होता. उंबरघळ, आठ मे, बारा बत्तीस. लॅपटॉपवर उंबरघळचा आजचा मध्यान्ह, एक बत्तीस. वहीत भोर, बारा मे, बारा एकतीस. लॅपटॉपवर एक एकतीस. नाशिक, एक तास. मालेगाव, एक तास. नंदुरबार, एक तास. माणूस म्हातारा होऊन चुकला तर असा चुकत नाही. कुठे चार मिनिटं चुकेल, कुठे एखादा हातचा राहील. अकराच्या अकरा ठिकाणी बरोबर एक तास?

तिची नजर वर गेली. स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. शेगडीवरचं जर्मन वेळेचं आणि देवाच्या फळीशेजारचं भारतीय वेळेचं, आईंना, म्हणजे सासूबाईंना, फोन करायला आणि तिथी सांभाळायला. हिवाळ्यात त्या दोघांत साडेचार तासांचं अंतर असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, की अंतर उरतं साडेतीन तासांचं. इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे आपल्या जन्मतारखेसारखं पाठ असतं. साधनालाही आहे. हिवाळ्यात ती आईंना दुपारी एक वाजता फोन करते आणि उन्हाळ्यात दोन वाजता, म्हणजे तिथे नेहमी साडेपाचच वाजलेले असतात.

पण सावलीच्या पानाला तिने जुनं चंद्रोदयाचंच गणित जोडलं होतं. ते उत्तर जर्मन वेळेत द्यायचं. त्याची भारतीय वेळ करायला तिने जानेवारीत, हिवाळ्यात बसून, एक ओळ लिहिली होती. अधिक साडेचार.

तिने वहीची पानं उलटली. आठ जानेवारीचं पान सापडलं. तिच्याच अक्षरात, नाना सांगतील तसं भरभर लिहिलेलं. "फरक साडेचार तास. नाना म्हणतात, उन्हाळ्यात तुमची घड्याळं पुढे जातात ना, तेव्हा हा आकडा बदलायला विसरू नकोस. मार्चअखेर." मार्चअखेर या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

मार्चअखेरचा तो रविवार तिला चांगला आठवत होता. त्याच दिवशी पाडवा होता. नानांना जाऊन पाच दिवस झाले होते, गुरुदत्त उंबरघळला दिवस करत होता, आणि अन्वीला घेऊन ती इथे एकटी. सुतक, म्हणून गुढी नव्हती, देव झाकलेले होते. सगळीकडचे फोन वाजून गेले होते आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा ती स्टुलावर चढली आणि घरातली घड्याळं पुढे केली. शेगडीवरचं, बेडरूममधलं, हॉलमधलं, अन्वीच्या खोलीतलं, खाली गाडीतलं. पाच घड्याळं. प्रत्येकाच्या वेळी तिला वाटलं होतं की आज एवढं तरी काम हातून झालं.

सहावं, साइटच्या पोटातलं, तिच्या ध्यानातही आलं नाही.

अन्वीला शाळेतून आणायला गेली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "मामा, वारुम वाइन्स्ट डू?" अन्वीने विचारलं, आई, का रडतेस म्हणून. साधनाने सांगितलं, नानांच्या काठीची सावली गेली नाही. अन्वी थोडा वेळ सायकल ढकलत चालली. मग मराठीत, एकेक शब्द शोधून म्हणाली, "मी... चुकीचं मोजलं?"

"नाही गं राणी," साधना म्हणाली. "तू अगदी बरोबर मोजलंस."

*

संध्याकाळी सात वाजता, बाहेर अजून लख्ख ऊन असताना, गुरुदत्त जेवायला बसला. साधनाने ताट वाढलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. व्हिडिओ बघितला. कुंपणावरचा आवाज ऐकला आणि फोन पालथा घातला.

"आकडा बदललास?"

"बदलला. दुपारीच. आता कधीच चुकणार नाही असं केलंय."

"मग झालं. सोमवारी भोरची पोरं बघतील, पुढची बघतील. संपला विषय."

"अहो, विषय कसा संपला? तिथे सगळे म्हणतायत नाना चुकले."

"म्हणू देत. वय झालं होतं म्हणतायत, शिव्या नाही देत. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, साधना?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आणि तू जाहीर केलंस की काय होईल माहितेय? आत्या आहे, काका आहेत, सगळा गाव आहे. सुनेने म्हाताऱ्याची शोभा केली, असं वर्षभर चघळतील. आई काय म्हणेल? ती तिथे दीड तास उन्हाची बसली होती. मला तुझ्यावर काही आलेलं नकोय. तेव्हा, आल्झो, गुपचूप राहू दे."

तो खरंच तिच्या काळजीने बोलत होता, हे तिला कळत होतं. म्हणूनच जास्त जड झालं. त्याने बापाला अग्नी दिला होता, अस्थी संगमावर सोडल्या होत्या, परत येऊन चौथ्या दिवशी ऑफिसात मीटिंग घेतली होती. त्याला आता कुठलीही गोष्ट पुन्हा उघडायची नव्हती.

ती देवाच्या फळीपुढे बसली. दिवा लावायचा होता, पण तांब्या बेसिनमध्ये अर्धा घासलेला पडला होता, म्हणून पेल्यात पाणी ठेवून तिने निरांजन लावलं. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. सगळं सोडून गेलेल्या माणसाचं मागे काय राहतं? नानांकडे बंगला नव्हता, जमीन बेताची. मास्तरांनी सांगितलेली वेळ चुकत नाही, एवढं एक वाक्य त्यांनी छत्तीस वर्षांत कमावलं होतं. ते काल अंगणात चाळीस पोरांसमोर तिच्या हातून गेलं.

आणि जबाबदार म्हणून नाव कुणाचं लिहिलंय?

ती उठली आणि लॅपटॉपपाशी बसली. साइटच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, तिने लिहिलं:

"आठ मे रोजी उंबरघळच्या शाळेत शून्य सावलीची वेळ एक तास उशिराची दाखवली गेली. दीनानाथ पाध्ये गुरुजींनी हाताने केलेलं गणित बारा वाजून बत्तीस मिनिटं असं होतं आणि ते बरोबर होतं. जर्मनीतलं घड्याळ मार्चअखेर बदलतं, तेव्हा आकडा बदलायला त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. मी तो बदलला नाही. चूक माझी आहे. उंबरघळच्या मुलांची मी क्षमा मागते. साधना गुरुदत्त पाध्ये, एर्लांगेन."

खाली नानांच्या तक्त्याचा आणि आठ जानेवारीच्या पानाचा फोटो जोडला. गुरुदत्त मागे येऊन उभा होता. त्याने वाचलं. "दोन रेघा मारल्या होत्यास," एवढंच म्हणाला आणि ताट उचलून आत गेला.

*

आईंना वेबसाइटवरून कळावं हे बरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता, रोजच्या वेळेला, साधनाने फोन लावला.

"आई, मला तुम्हाला सांगायचंय एक."

"सांग की." मागे कपबशी वाजली. "परवा लई ऊन होतं हो. डोकं धरलं माझं. म्हटलं ह्यांनी एवढं मांडून ठेवलंय, बसू या. ह्यांची सावली जाताना बघू. पण नाही गेली. जाऊ दे. शेवटी शेवटी विसरायचेच ते, चष्मा डोक्यावर आणि घरभर शोध."

"आई, नाना नव्हते विसरले." आणि तिने सांगितलं. घड्याळं, साडेचार, साडेतीन, वहीतली ओळ, सगळं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "ह्यांचं बरोबर होतं?"

"हो आई. बारा बत्तीस."

"बारा बत्तीस. मी तिथंच होते गं तेव्हा. आम्ही बारालाच जाऊन बसलो होतो. पोरं पडवीत पन्हं पीत होती. हृषिकेश म्हणाला, अजून तास आहे, सावलीत बसू या. म्हणजे तेव्हा ती गेली?"

"हो."

"काठी एकटीच उभी होती हो अंगणात. आम्ही कोणी बघितलंच नाही तिच्याकडे."

"आई, मी..."

"दूध वर येतंय," सासूबाई म्हणाल्या. "ठेवते."

त्यानंतर दुपारी दोनचा फोन साधना रोज लावत राहिली. कधी उचलला जायचा नाही, कधी शेजारची ईप्सिता उचलायची आणि सांगायची, काकू जरा आडव्या झाल्यात, काकू देवळात गेल्यात. गुरुदत्तच्या फोनवर त्या बोलायच्या. काय बोलल्या ते तो सांगायचा नाही आणि तिने विचारलं नाही. हृषिकेशने मात्र दुसऱ्याच दिवशी पोरांना पुन्हा बोलावून तिचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने कळवलं, "वहिनी, खरं तर बाराच्या सुमाराला मला सावली फारच आखूड वाटली होती. पण गुरुजींनी वेळ दिली म्हटल्यावर मी उठून बघितलं नाही. प्रत्येक पानावर लिहिलंय, बाहेर जाऊन खरं आहे का बघा. तेच नाही केलं." कुंपणावरचा तो माणूस काय म्हणाला, त्याने हसणं मागे घेतलं की नाही, हे त्याने लिहिलं नाही.

बारा तारखेला भोरला ढग आले. तिथल्या बाईंनी कळवलं, सूर्यच दिसला नाही. नाशिकहून काही निरोप नाही. साधना रोज सकाळी साडेआठपासून फोन जवळ घेऊन बसायची. पोळ्या करताना, कपडे वाळत घालताना. आणि नऊ वाजून गेले की फोन पालथा ठेवायची.

बावीस मे, गुरुवार. नऊ वाजून सात मिनिटांनी मालेगावच्या शाळेचा फोटो आला. उन्हाने पांढरं पडलेलं अंगण. मधोमध पाण्याचा लोखंडी पाइप सरळ उभा केलेला, आणि त्याच्या पायाशी काही नाही. चहूबाजूंनी वाकलेली पोरं, कुणी स्वतःच्या पायांकडे बघतंय, कुणी उडी मारताना हवेतच. फोटोखाली पाच शब्द होते. "बारा अठ्ठावीस. गुरुजींचं गणित अचूक."

वहीत होतं, मालेगाव, बावीस मे, बारा अठ्ठावीस.

तिने तो फोटो खूप वेळ बघितला. आनंद होईल असं वाटलं होतं. डोळ्यांसमोर मात्र उंबरघळचंच अंगण येत होतं, काठी एकटी उभी असलेलं. मे महिन्यात व्हिडिओवर ये, आपण दोघं मिळून बघू, असं नाना म्हणाले होते. तिने फोटो आईंना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि तिथेच राहिल्या.

तिने बेसिनमधला तांब्या उचलला. तेरा दिवस तो तसाच होता, अर्धा उजळ, अर्धा काळा. रोज पेल्यानेच भागवलं होतं. लिंबूसत्त्वाची पूड ओल्या बोटावर घेऊन ती घासायला लागली. काळा भाग हळूहळू लाल होत गेला. साइटचं पान क्रमांक तीन, तिला आठवलं. आम्लात काळा थर विरघळतो, खालचं तांबं तेच असतं.

पावणेदहाला फोन वाजला. आईंचा. त्या आपणहून कधी फोन लावत नसत.

"आई?"

"फोटो मिळाला. बारा अठ्ठावीस म्हणाले होते ना हे?"

"हो आई. लिहून ठेवलंय त्यांनी."

"हं." पलीकडे कावळा ओरडला. साधना तांब्या छातीशी धरून उभी होती, थेंब गाऊनवर गळत होते. सासूबाई रडत होत्या की नुसत्या थांबल्या होत्या, हे तिला कळेना. मग त्यांचा नेहमीचा, घर चालवणारा आवाज आला, थोडा चिरका.

"उद्या ह्यांची महिन्याची तिथी. दुसरी. गुरूला सांग, ऑफिसला जायच्या आधी तर्पण कर म्हणावं. तांब्या-ताम्हन घासलेलं आहे ना?"

"आहे आई."

"आणि तीळ? काळे हवेत हो. पांढरे नको. असतील घरात?"

साधनाने डबा उघडून बघितला. पांढरे होते. काळे संपले होते.

"आणते," ती म्हणाली.

तिने तांब्या धुऊन देवाच्या फळीवर पालथा घातला, गाऊन बदलला, पिशवी घेतली आणि स्टेशनमागच्या तुर्की दुकानातून काळे तीळ आणायला निघाली.